मॅलॉकच्या कंसातला गुणाकार: उपकरण बाजारात आणण्याआधी कोडमध्ये तपासा या ६ गोष्टी



आपल्या चॅनेलवर हल्ली एक प्रश्न वारंवार येतोय. "सर, मला छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवून विकायचंय. बोर्ड ठरलाय, पेटी ठरलीय, कोड लिहून देणारा मुलगाही मिळालाय. आता काय बघू?" कुणाला शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायची पेटी करायचीय, कुणाला दूध संकलन केंद्रावर वजन आणि फॅट नोंदवणारं यंत्र, कुणाला कोल्ड स्टोरेजचं तापमान सांगणारा डबा. कल्पना छान आहेत आणि मार्केटही आहे.

माझं स्वतःचं दुकान बोर्ड, सेन्सर, रिले अशा सुट्या भागांचं. शिक्षण बीबीए. म्हणजे मी प्रोग्रॅमर नाही आणि तुमच्यापैकी बरेच जण नाहीत. पण उपकरणाच्या पेटीवर नाव तुमचं छापलं जाणार आहे, कोड लिहिणाऱ्याचं नाही. म्हणून कोडमधली एक गोष्ट मालकाला कळलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. ती म्हणजे कोड मेमरी कशी मागतो. व्हिडिओमध्ये हे फळ्यावर दाखवलंय, इथे सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा, गरज पडली तर वही-पेन घ्या. यात पाचवी-सहावीचा गुणाकार आहे, त्यापेक्षा अवघड काही नाही.

आधी समजून घ्या: मेमरी मागणं म्हणजे काय?

अशा छोट्या उपकरणांचा कोड बहुतेक वेळा सी भाषेत नाहीतर सी++ मध्ये असतो. सी ही भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी तयार केली. आजही ती टिकून आहे, कारण ती लहान आहे, वेगवान आहे आणि थेट मशीनशी बोलते. पण ती तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकते. तुम्ही चुकीचं सांगितलंत तर चुकीचं करते, मध्ये टोकत नाही.

मेमरीला एक गोदाम समजा. काम चालू असताना प्रोग्रॅमला माल ठेवायला जागा लागते. तो गोदामाच्या मॅनेजरकडे जातो आणि जागा मागतो. सीमध्ये ही जागा मागायचे तीन प्रकार नेहमी दिसतात.

मॅलॉक: "मला एवढी जागा द्या." एकच आकडा सांगायचा, एकूण जागेचा. मॅनेजर तेवढी जागा देतो. ती झाडून देत नाही, आधीच्या भाडेकरूचा माल तसाच पडलेला असू शकतो.

कॅलॉक: "माझी इतकी पोती आहेत आणि एका पोत्याला इतकी जागा लागते." दोन आकडे सांगायचे. गुणाकार मॅनेजर स्वतः करतो आणि जागा पूर्ण झाडून, म्हणजे सगळीकडे शून्य भरून देतो.

रीॲलॉक: "आधी घेतलेली जागा वाढवून द्या", किंवा कमी करून द्या.

काम झालं की जागा परत करायची, त्याला फ्री म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, मॅलॉक आणि कॅलॉकमध्ये फरक तो काय? एकात गुणाकार आपण करायचा, दुसऱ्यात मॅनेजर करणार. उत्तर तर एकच येणार ना? इथेच खरी गोम आहे. उत्तर प्रत्येक वेळी एकच येत नाही.

गुणाकार चुकतो कसा? वहीत करून बघा

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवतो? पाच आकड्यांचा असेल तर ९९९९९ नंतर तो परत ००००० दाखवायचा. गाडी एक लाख किलोमीटर चाललेली असायची आणि मीटर म्हणायचा शून्य. मीटर बिघडलेला नसायचा, त्याच्याकडे घरंच पाच होती.

कॉम्प्युटरचंही तसंच असतं. अर्डुइनो उनो हा बोर्ड तुम्ही पाहिला असेल. त्यात जागेचा हिशेब १६ बिटांत होतो, म्हणजे आकडा ० ते ६५,५३५ एवढाच मावतो. ६५,५३६ झाला की परत शून्य.

आता समजा, दूध केंद्रावरची एक नोंद ६४ बाइट जागा घेते. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, वेळ असं सगळं मिळून. आणि मोबाईलवरून उपकरणाला निरोप आला, "१,०२५ नोंदी पाठवतोय, जागा तयार ठेव."

१,०२५ गुणिले ६४ म्हणजे ६५,६००.

पण मीटर ६५,५३६ ला परत शून्यावर येतो. ६५,६०० मधून ६५,५३६ गेले की उरले ६४. म्हणजे प्रोग्रॅमने मॅनेजरला सांगितलं, "६४ बाइट द्या." मॅनेजरने आनंदाने दिले, कारण मागणी किरकोळ आहे. जागा मिळाली एका नोंदीची आणि पुढे माल येणार १,०२५ नोंदींचा!

गंमत बघा. उनोवर मेमरी असतेच मुळी २ केबी. १,०२५ नोंदी त्यात बसणं शक्यच नाही. मॅनेजरने "जागा नाही" असं सरळ सांगायला हवं होतं. पण त्याच्यापर्यंत खरी मागणी पोहोचलीच नाही. गुणाकार वाटेतच गुंडाळला गेला.

पहिली नोंद जागेत बसते. दुसरी शेजारच्या जागेत घुसते. तिथे मोटर चालू की बंद याची खूण असू शकते, दुसऱ्या सभासदाचं दूध असू शकतं, प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं तो पत्तासुद्धा असू शकतो. उपकरण लटकतं, आपोआप रीस्टार्ट होतं किंवा चालू राहून चुकीचे आकडे दाखवतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दूध उत्पादकाचे पैसे मात्र त्या आकड्यांवरच निघत राहतात.

"आमचा बोर्ड मोठा आहे, ईएसपी३२ आहे, तो ३२ बिटांचा आहे" असं कुणी म्हणेल. तिथे मीटर ४,२९,४९,६७,२९६ ला शून्यावर येतो. ६४ बाइटच्या ६,७१,०८,८६५ नोंदी मागितल्या की एकूण ४,२९,४९,६७,३६० होतात, आणि मीटर गुंडाळला गेला की परत तेच ६४! मर्यादा लांब गेली, पण संपली नाही. शिवाय इतका मोठा आकडा कुणी हाताने टाकत नाही हे खरं असलं, तरी तो खराब नेटवर्कमुळे बिघडलेल्या निरोपातून येतो. किंवा तुमचं उपकरण इंटरनेटला जोडलेलं आहे हे हेरून कुणीतरी मुद्दाम पाठवतो.

हे पुस्तकी नाही, मोठ्या-मोठ्यांच्या बाबतीत घडलंय

उदाहरण पहिलं. ओपनएसएसएच नावाचं सॉफ्टवेअर जगभरातले सर्व्हर दुरून सुरक्षितपणे चालवायला वापरतात. ते लिहिणारी माणसं सुरक्षेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून ओळखली जातात. तरी जून २००२ मध्ये त्यात मोठी त्रुटी सापडली. समोरून किती उत्तरं येणार आहेत हा आकडा बाहेरून घ्यायचा, त्याला एका पत्त्याच्या आकाराने गुणायचं आणि तेवढी मेमरी मागायची, असा कोड होता. ३२ बिटांच्या मशीनवर कुणी १,०७,३७,४१,८२४ हा आकडा पाठवला की त्याला ४ ने गुणून बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येतात, म्हणजे मीटरवर शून्य. जागा मागितली शून्य आणि माल भरायला सुरुवात. ठरावीक सेटिंग चालू असेल तर हल्लेखोराला त्यातून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. ओपनएसएसएच ३.४ मध्ये ती त्रुटी दुरुस्त झाली.

उदाहरण दुसरं, आपल्या धंद्याच्या आणखी जवळचं. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा संशोधकांनी 'बॅडॲलॉक' या नावाने २५ हून अधिक त्रुटी जाहीर केल्या. छोटी उपकरणं आणि कारखान्यातली यंत्रं ज्या तयार सॉफ्टवेअरवर चालतात, त्यातल्या मेमरी मागण्याच्या फंक्शनमध्येच या त्रुटी होत्या. म्हणजे ज्या मॅनेजरवर आपण विसंबतो, तोच काही ठिकाणी गुणाकार न तपासता करत होता. त्या यादीत फ्रीआरटीओएस, एम्बेड ओएस, न्यूलिब अशी नावं होती, जी छोट्या बोर्डांवर सर्रास वापरली जातात.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये ब्लॅकबेरी कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या आवृत्त्यांमधलं कॅलॉकसुद्धा या त्रुटीत सापडतंय. क्यूएनएक्स गाड्यांमध्ये आणि वैद्यकीय उपकरणांमध्ये वापरतात. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्यावर इशारा काढला होता.

या दोन उदाहरणांतून मालकाने एवढंच घ्यायचं. मेमरी मागताना गुणाकार प्रोग्रॅमरने हाताने करायचा नाही. दोन आकडे वेगवेगळे द्यायचे आणि तपासून गुणणाऱ्या फंक्शनकडून काम करून घ्यायचं. आणि ते फंक्शन खरंच तपासतं ना, याची आवृत्ती बघून खात्री करायची. दुकानात आपण गल्ला एकाने मोजला की दुसऱ्याकडून मोजून घेतोच ना? तसंच.

आता तपासणी: मालक स्वतः करू शकतो अशा ६ गोष्टी

याआधी एक अट. तुमच्याकडे सोर्स कोड हवा. बरेच जण पैसे देतात आणि हातात फक्त बोर्डावर चढवायची तयार फाइल घेतात. असं करू नका. सोर्स कोड हा तुमच्या धंद्याचा साचा आहे. साचा दुसऱ्याच्या घरी ठेवून कारखाना चालवता येत नाही.

कोडची फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि इंग्रजीत एम, ए, एल, एल, ओ, सी असं टाइप करा.

१. मॅलॉकच्या कंसात गुणाकाराची चांदणी आहे का?

मॅलॉक शब्दानंतरच्या कंसात दोन गोष्टींच्या मध्ये चांदणीची खूण दिसली, तर तो हाताने केलेला गुणाकार आहे. ती ओळ लाल पेनाने वहीत नोंदवा. एक सावधगिरी: साईझऑफ शब्दाच्या पुढे एखाद्या नावाला चिकटलेली चांदणी वेगळी असते, मॅलॉकच्या आधीच्या कंसातलीही वेगळी असते. ती गुणाकाराची नाही. शंका आली तर नोंदवून ठेवा, विचारायला लाज कसली?

उपाय सोपा आहे. तिथे कॅलॉक वापरायचं आणि दोन्ही आकडे स्वल्पविराम देऊन वेगळे द्यायचे. गुणाकार मीटरबाहेर गेला तर चांगलं कॅलॉक "जागा नाही" असं सांगतं. ६४ बाइट देऊन फसवत नाही.

वर जागा झाडून मिळते हा दुसरा फायदा. मॅलॉकच्या न झाडलेल्या जागेत आधीचा पासवर्ड, आधीच्या ग्राहकाची नोंद पडलेली असू शकते. कोडने त्या जागेचा थोडा भागच भरला आणि सगळी जागा बाहेर पाठवली, तर जुना माल बाहेर जातो. झाडायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण आपल्या छोट्या उपकरणात नोंदीच किती असतात? तो वेळ ग्राहकाला जाणवतही नाही.

२. रीॲलॉकच्या ओळीत दोन्हीकडे एकच नाव आहे का?

आता रीॲलॉक शोधा. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जे नाव आहे तेच कंसात पहिलं असेल, तर तिथे धोका आहे. कारण जागा वाढवून मिळाली नाही तर रीॲलॉक रिकामा हात दाखवतं. जुनी जागा तशीच आपल्या नावावर राहते, पण तिच्या किल्लीवर आपण तो रिकामा हात लिहून टाकलेला असतो. माल गोदामात, किल्ली हरवली. असं रोज थोडं थोडं झालं की काही दिवसांनी मेमरी संपते आणि "यंत्र आठवड्यातून एकदा बंद पडतं" अशी तक्रार येते.

उपाय: उत्तर आधी वेगळ्या नावात घ्यायचं, ते रिकामं नाही हे बघायचं आणि मगच जुन्या नावात टाकायचं.

रीॲलॉकच्या कंसातही गुणाकार असेल तर? त्यासाठी रीॲलॉकॲरे नावाचं फंक्शन आहे. ते दोन आकडे वेगळे घेतं आणि तपासून गुणतं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकांनी २०१४ मध्ये ते आणलं. हीच मंडळी ओपनएसएसएचही लिहितात बरं का. २०१७ मध्ये ते लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीत आलं. तुमच्या बोर्डाच्या लायब्ररीत ते नसेल, तर गुणाकाराआधी भागाकाराने तपासायचं: कमाल आकड्याला एका नोंदीच्या आकाराने भागा, नोंदींची संख्या त्या उत्तरापेक्षा जास्त असेल तर नकार द्या. एका ओळीचं काम आहे.

३. जागा मिळाली की नाही हे विचारलंय का?

मॅलॉक, कॅलॉक, रीॲलॉक ही तिन्ही फंक्शन जागा नसेल तर 'नल' देतात. प्रत्येक मागणीनंतरच्या एक-दोन ओळींत "नल आहे का" ही तपासणी दिसली पाहिजे. नुसती तपासणी पुरेशी नाही, नल आलं तर पुढे काय करायचं तेही लिहिलेलं हवं. मोटर बंद स्थितीत ठेवा, स्क्रीनवर चूक दाखवा, नोंद नाकारा, काहीही चालेल, पण ठरवलेलं हवं. कॅलॉक घातलं आणि नल तपासलंच नाही, तर अर्धं काम वाया गेलं.

४. बाहेरून येणाऱ्या आकड्याला कमाल मर्यादा आहे का?

हे प्रोग्रॅमरला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं! केंद्रावर सकाळी जास्तीत जास्त किती सभासद येतात? १५०? मग मर्यादा २०० ठेवा. २०१ नोंदींचा निरोप आला तर मेमरी मागायच्या आधीच नाही म्हणायचं. कॅलॉक मीटरबाहेरचा गुणाकार पकडतं, पण मीटरच्या आत बसणारा अवाजवी आकडा अवाजवी आहे हे त्याला कसं कळणार? धंद्याचं गणित मालकाकडून यायला हवं. हा आकडा तुम्ही लिहून द्या.

५. मागायची खरंच गरज आहे का?

२०० नोंदींपेक्षा जास्त येणारच नाहीत हे ठरलं, तर २०० नोंदींची जागा सुरुवातीलाच पक्की करून ठेवता येते. रोज भाड्याने गाळा मागण्यापेक्षा स्वतःचा गाळा! गाड्यांच्या क्षेत्रात वापरली जाणारी मिस्रा-सी ही नियमावली तर मॅलॉक वगैरे फंक्शन वापरूच नका असं सांगते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षित कोडसाठी दहा नियम मांडले. त्यातही एक नियम असाच आहे: सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर नवीन मेमरी मागू नका.

आपल्या बऱ्याच पेट्यांना हाच मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित पडतो. अर्डुइनोवर काम करत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. तिथला मोठ्या एसचा 'स्ट्रिंग' प्रकार आतून मेमरी मागतच असतो, फक्त आपल्याला मॅलॉक शब्द दिसत नाही. दिवसभर चालणाऱ्या उपकरणात तो जपून वापरायला सांगा.

६. लायब्ररी आणि एसडीकेची आवृत्ती कोणती?

बॅडॲलॉकचा धडा हाच. आपला कोड चांगला असून भागत नाही, खालची लायब्ररीही नवी हवी. न्यूलिबचं उदाहरण घ्या, ४.० च्या आधीच्या आवृत्त्या त्या यादीत होत्या. प्रोग्रॅमरकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणता एसडीके, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेची. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो तसं दर सहा महिन्यांनी हा कागद बघा.

"सर, एवढं कशाला? आमच्याकडे एवढा मोठा आकडा येणारच नाही"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार, म्हणून हिशेब करून ठेवू.

समजा तुम्ही ३०० पेट्या विकल्या. सांगली, सातारा, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत पसरल्या. दुरून अपडेट करायची सोय ठेवलेली नाही. चूक सापडली. एका पेटीसाठी जाऊन-येऊन, पेट्रोल आणि माणसाचा वेळ धरून ५०० रुपये धरा. ३०० गुणिले ५०० म्हणजे दीड लाख रुपये. हीच दुरुस्ती टेबलावर, पहिल्या लॉटच्या आधी केली असती तर प्रोग्रॅमरचा एखादा दिवस गेला असता. आणि तालुक्यात "त्यांचं यंत्र आकडे चुकवतं" हे एकदा पसरलं की त्याची किंमत कुठल्या वहीत लिहिणार?

कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे. "कोड दुसऱ्याने लिहिला होता" हे ग्राहकाला सांगून उपयोग नाही. तुमच्या उत्पादनाला काय लागू होतं ते वकिलांना जरूर विचारा.

दुसरी शंका: "मग सी सोडून दुसरी भाषा का घेऊ नये?" विचार चांगला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ते दरवर्षी ज्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करतात त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या गडबडीच्या असतात. रस्टसारख्या भाषा यातल्या बऱ्याच चुका मुळातच होऊ देत नाहीत. तुमच्या बोर्डाला ती चालत असेल आणि माणूस मिळत असेल तर घ्या. पण आपल्याकडे परवडणाऱ्या बोर्डांचे एसडीके, सेन्सरच्या लायब्ररी, शिकलेली मुलं-मुली हे सगळं अजून मुख्यतः सी आणि सी++ मध्येच आहे. तोवर हाताशी असलेलं काम नीट करून घ्यायचं.

वर्क ऑर्डरमध्ये हे लिहा

तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. खालचा मजकूर तुमच्या ऑर्डरमध्ये जसाच्या तसा टाकला तरी चालेल. आकडे तुमचे घाला.

"पूर्ण सोर्स कोड डिलिव्हरीत समाविष्ट असेल. मेमरी मागताना मॅलॉक किंवा रीॲलॉकच्या कंसात गुणाकार नसावा. कॅलॉक, रीॲलॉकॲरे किंवा तपासणीसह लिहिलेलं फंक्शन वापरावं. प्रत्येक मागणीनंतर नलची तपासणी असावी आणि नल आल्यास उपकरण सुरक्षित स्थितीत जावं. बाहेरून येणाऱ्या नोंदींची संख्या कमाल २०० असेल. त्यापेक्षा जास्त असल्यास नाकारावी. वापरलेल्या एसडीके आणि लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी द्यावी. शेवटचा हप्ता खालील चाचणी समोर करून दाखवल्यावर दिला जाईल."

आणि चाचणी काय? उपकरणाला नोंदींची संख्या म्हणून पाच आकडे पाठवायचे: ०, १, २००, २०१ आणि एक अवाढव्य आकडा. उनो असेल तर १,०२५ आणि ईएसपी३२ असेल तर ६,७१,०८,८६५. पहिल्या तिघांना उपकरणाने नीट काम करावं, शेवटच्या दोघांना शांतपणे नाही म्हणावं आणि त्यानंतर लगेच पाठवलेली साधी नोंदसुद्धा बरोबर घ्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे आणि हे मालक समोर बसून बघू शकतो.

प्रोग्रॅमरला सांगा की कोडचा मेमरीचा भाग कॉम्प्युटरवर चालवून ॲड्रेस सॅनिटायझर किंवा व्हॅलग्रिंडने तपासून दाखव. दोन्ही फुकट आहेत. जागेबाहेर कुठे लिहिलं गेलं ते ती दाखवतात.

बोलायचं कसं?

शेवटी एक धंद्याची गोष्ट. कोड लिहून देणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्यापेक्षा लहान असेल, तरी आपल्या विषयात जाणकार आहे. "तुला मॅलॉक कळत नाही का?" असं विचारलंत तर काम बिघडेल. "दादा, इथे गुणाकार दिसतोय. इथे कॅलॉक घेतलं तर चालेल का? नाहीतर तुम्ही मर्यादा कुठे तपासलीय तेवढं दाखवता का?" असं विचारा. कदाचित दहा ओळी वर तपासणी आधीच असेल, मग मॅलॉक तिथे बरोबरही असू शकतं. प्रत्येक मॅलॉक म्हणजे चूक नव्हे. तपासलेलं कुठे आहे हे दाखवता येत नसेल तर मात्र ती चूक धरा.

आणि या तपासणीचा वेळ त्यांच्या बिलात धरा. फुकट तपासणी मागितली की ती फुकटासारखीच होते.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या उपकरणाचा सोर्स कोड मागून घ्या. मॅलॉक आणि रीॲलॉक शोधा. किती ओळी मिळाल्या, त्यातल्या कितींच्या कंसात गुणाकार आहे आणि कितींच्या पुढे नलची तपासणी नाही, हे तीन आकडे वहीत लिहा. अजून कोड लिहायला दिला नसेल तर आणखी उत्तम, वर्क ऑर्डरचा मजकूर आजच कॉपी करून ठेवा. तीन आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका, ग्राहकांची नावं किंवा कोड मात्र टाकू नका. पुढच्या भागात बघू, विकलेली पेटी दुरून अपडेट करायची सोय किती खर्चात होते आणि ती करताना कुलूप कसं लावायचं.

भेटू मग. धंदा करा, हिशेबाने करा!